विश्लेषण : दगडाने सांगितलेली गोष्ट! ‘द रेव्हन टॉवर’चा निवेदक वाचकांना का भुरळ घालतो?

राजधानीत कट शिजतो आहे, गादीचा वारस संतापाने धुमसतो आहे आणि त्याचा विश्वासू साथीदार गुपचूप चौकशी करत हिंडतो आहे. अद्भुत कादंबऱ्या वाचणाऱ्यांना यात नवे काहीच वाटणार नाही. नवा आहे तो हे सगळे सांगणारा. अमेरिकी लेखिका अ‍ॅन लेकी यांच्या ‘द रेव्हन टॉवर’ या २०१९ मध्ये आलेल्या कादंबरीचा निवेदक एक दगड आहे. शापाने शिळा झालेला राजपुत्र नव्हे की दगडात अडकलेला आत्मा नव्हे. ज्याच्यात देव आहे असा एक भलामोठा दगड. या देवाला खोटे बोलता येत नाही. बोललाच, तर ते खरे तरी होते, नाहीतर त्याच्या जिवावर बेतते. प्रकाशनाला काही वर्षे उलटून गेल्यावरही ही कादंबरी वाचलेले लोक ती दुसऱ्याला आवर्जून वाचायला का सांगतात, याचे उत्तर या एका अटीत दडले आहे.

हा निवेदक कोण?

त्याचे नाव ‘द स्ट्रेंग्थ अँड पेशन्स ऑफ द हिल’, म्हणजे टेकडीचे बळ आणि टेकडीचा धीर. माणसे पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून तो आहे. त्याच्या सुरुवातीच्या आठवणी समुद्राच्या तळाच्या आहेत. मग समुद्र हटला, जमीन वर आली, बर्फ आले आणि गेले. दगड पडून होता, पाहत होता. त्याला घाई नाही. एखादा प्रश्न पडला तर त्यावर विचार करायला त्याच्याकडे शतके आहेत आणि तो ती खरोखरच खर्च करतो.

पुढे कधीतरी माणसे येतात. दगडाभोवती जमतात, नैवेद्य ठेवतात आणि एकेक शब्द पुन:पुन्हा उच्चारून त्याला भाषा शिकवतात. दगडाला तोंड नाही, त्यामुळे खुणा असलेले तुकडे टाकायचे आणि ते कसे पडले यावरून देवाचे म्हणणे वाचायचे, अशी पद्धत बसते. अद्भुत कादंबऱ्यांत देव सहसा विजेच्या कडकडाटात प्रकटतात आणि अस्खलित बोलू लागतात. इथे देवाला आधी शब्दार्थ पाठ करावे लागतात. शब्द आणि वस्तू यांचे नाते माणसांनी आपसात ठरवलेले आहे, ते बदलू शकते, हे दगडाला उमगते तो भाग कादंबरीतल्या उत्तम भागांपैकी आहे. ज्याचे प्रत्येक वाक्य खरे असावे लागते त्याच्यासाठी शब्दाचा अर्थ निसटता असणे हा प्राणाशी गाठ असलेला प्रश्न आहे.

त्याची एक मैत्रीणही आहे. ‘मिरियड’ ही डासांच्या थव्यातून वावरणारी देवता. ती चंचल, भटकी, जगाच्या खबरा आणणारी. हा एका जागी रुतलेला, मितभाषी. दोघांचे संवाद वाचताना डास आणि दगड यांच्या मैत्रीत इतका ओलावा असू शकतो, याचेच नवल वाटते.

मराठी वाचकाला दगडात देव ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. शेंदूर फासलेला म्हसोबा, देवीचा न घडवलेला तांदळा, शेताच्या बांधावरची नाव नसलेली देवता हे सगळे त्याच्या ओळखीचे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरात पायी हिंडून अशा देवस्थानांचा माग काढला आणि १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात त्यांचा संबंध प्राचीन वाटांशी आणि वस्त्यांशी जोडून दाखवला. लेकी यांनी मात्र या नात्याची दुसरी बाजू लिहिली आहे. माणसांना दगडाकडून काय हवे असते ते आपल्याला ठाऊक असते. दगडाला काय वाटते, हे विचारायची वेळ येत नाही.

गोष्ट काय आहे?

इराडेन नावाच्या राज्याचे रक्षण एक डोमकावळा देव करतो. त्याच्या वतीने राज्य करणाऱ्याचे पद ‘रेव्हन्स लीज’ या नावाने ओळखले जाते. म्हणजे गादी मालकीची नाही, भाडेपट्ट्याची. या पट्ट्याची किंमतही ठरलेली आहे. देव ज्या पक्ष्याच्या रूपाने वावरतो तो पक्षी मेला की शासकानेही प्राण द्यायचे, आणि मग वारस त्याच्या जागी बसणार.

मावात हा वारस सरहद्दीवरून वास्ताई या राजधानीत परततो, तेव्हा त्याचा काका हिबाल आधीच त्या आसनावर बसलेला आहे. वडील नाहीसे झालेले. ते देवाचे देणे न चुकवता पळून गेले, असे सांगितले जाते. मावातचा यावर विश्वास नाही. तो खवळतो, काकाला मान्यता द्यायला नकार देतो आणि खरे काय घडले ते शोधून काढण्याचे काम त्याचा साथीदार एओलो याच्यावर येऊन पडते.

वडील गेले, काका गादीवर, पुत्र संतप्त. हा साचा कुठला, हे सांगायला नको. लेकी यांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चा सांगाडा उघडपणे उचलला आहे. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ या नावाने ते नाटक मराठीत आणले, तेव्हापासून मराठी वाचकही ही गोष्ट ओळखतो. पण ‘द रेव्हन टॉवर’मध्ये कॅमेरा राजपुत्राच्या खांद्यावर नाही. तो आहे होरेशियोच्या जागी असलेल्या एओलोवर. एओलो शेतकरी घरातून आलेला सैनिक. दरबारातल्या कुणालाही तो दखल घेण्याजोगा वाटत नाही, आणि म्हणून तो जास्त पाहू शकतो. तो पारलिंगी पुरुष आहे, ही गोष्ट कादंबरी फारसा गाजावाजा न करता सांगते. दगड त्याच्याकडे पाहतो, त्याच्याशी बोलतो; एओलोला हे बोलणे ऐकू येते की नाही, हा प्रश्न बराच काळ लोंबकळत राहतो.

या काही दिवसांच्या घडामोडींच्या मध्ये मध्ये दगडाची स्वतःची लाखो वर्षांची कहाणी येते. समुद्र, बर्फ, पहिली माणसे आणि मग सामुद्रधुनीपलीकडच्या आर्ड वुस्कटिया या शहरासाठी पेटलेले देवांचे युद्ध. या दोन धाग्यांचा संबंध काय, हा कादंबरीचा खरा रहस्यभाग आहे. तो इथे फोडण्यात अर्थ नाही.

देवाला खोटे का बोलता येत नाही?

या जगात देवाचे वाक्य म्हणजे केवळ माहिती नसते, ती कृती असते. ‘ही भिंत पडली आहे’ असे देव म्हणाला आणि भिंत उभी असेल, तर त्याच्या अंगातली शक्ती खर्च होऊन भिंत पडते. शक्ती पुरेशी नसेल तर वाक्य त्याला आतून पोखरत जाते. अशक्य काही बोलून बसलेला देव कायमचा दुबळा होऊ शकतो, मरूही शकतो. शक्ती येते कुठून? नैवेद्यातून, पूजेतून, बळीतून. म्हणजे देवांचेही जमाखर्चाचे गणित आहे. जमा भक्तांकडून, खर्च बोलण्यातून.

मराठी वाचकाला इथे ऋषींचे शाप आठवले नाहीत तरच नवल. तोंडून शाप गेला की तो खरा व्हायचाच. देणाऱ्यालाही मागे घेता येत नाही, फार तर उःशाप देता येतो. वाचासिद्धीची ही कल्पना आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ‘वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, वाईट बोलू नये’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. फरक असा की पुराणात शापाची झळ शाप मिळालेल्याला बसते, किंवा फार तर ऋषीचे तप खर्ची पडते. लेकी यांनी तो हिशेब थेट बोलणाऱ्याच्या जिवाशी नेऊन भिडवला आहे.

पाश्चात्त्य अद्भुत साहित्यातही याचे पूर्वज सापडतात. अर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ पासूनच्या ‘अर्थसी’ मालिकेत सृष्टीच्या निर्मितीची जुनी भाषा आहे. ती बोलणाऱ्या माणसाला खोटे बोलता येत नाही, ड्रॅगनना मात्र तिच्यातही फसवता येते. आणि कादंबऱ्यांच्या बाहेर, तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांच्या व्याख्यानांचे ‘हाऊ टू डू थिंग्ज विथ वर्ड्स’ हे पुस्तक १९६२ मध्ये आले. काही वाक्ये खरी किंवा खोटी नसतात, ती बोलणे म्हणजेच काहीतरी करणे असते, हे त्यांनी दाखवले. सभापतीने ‘ठराव मंजूर’ म्हटले की ठराव मंजूर होतो. न्यायाधीशाने निकाल उच्चारला की आरोपी दोषी ठरतो. लेकी यांच्या देवांचे प्रत्येक विधान या जातीचे आहे. ‘आज थंडी आहे’ हे सुद्धा.

परिणामी हे देव कसलेल्या वकिलासारखे बोलतात. अटी, शर्ती, ‘जर’, ‘तर’, ‘शक्य तितके’, ‘आमच्या माहितीप्रमाणे’. भक्ताने वर मागितला तर देव आधी मसुदा तपासतो. करारातला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर एखादे शहर बुडेल किंवा एखादा देव संपेल, अशी परिस्थिती असल्याने वाटाघाटींची पानेही कंटाळवाणी होत नाहीत. तलवारबाजीपेक्षा वाक्यरचनेने श्वास रोखायला लावणारी अद्भुत कादंबरी तशी दुर्मीळच.

मग देव गोष्ट सांगणार कशी?

इथे लेखिकेने स्वतःची चांगलीच कोंडी करून घेतली आहे. निवेदकाने पाहिलेले तो सांगू शकतो. न पाहिलेले कसे सांगणार? एखादी दंतकथा खोटी निघाली तर? त्यावर दगडाचा तोडगा साधा आहे. अशा प्रत्येक कथेआधी तो सांगतो की ही मी ऐकलेली गोष्ट आहे. गोष्ट खोटी असेल, पण ती ऐकली हे खरे आहे. वाक्य सुरक्षित, देव सुरक्षित.

इंग्रजीत त्यासाठी दर वेळी एक अख्खे वाक्य खर्चावे लागते. मराठीने ही सोय एका शब्दात केलेली आहे: ‘म्हणे’. ‘गावात वाघ आला’ आणि ‘गावात वाघ आला म्हणे’ यांत जबाबदारीचा केवढा फरक आहे! पहिल्या वाक्यात बोलणारा वाघाची हमी देतो, दुसऱ्यात फक्त बातमीची. आजीच्या गोष्टींतला ‘एक राजा होता म्हणे’ हाच शब्द वापरून अंग काढून घेतो. लेकी यांचा दगड मराठी बोलत असता तर निम्म्या कादंबरीत त्याने ‘म्हणे’वर निभावून नेले असते.

ही युक्ती सुरुवातीला निव्वळ शैलीचा भाग वाटते. हळूहळू लक्षात येते की हा शब्द कुठे येतो आणि कुठे येत नाही, हीच वाचकाची खरी किल्ली आहे. जिथे दगड ‘ऐकले’ असे म्हणत नाही, तिथे तो स्वतः होता. तो कुठे कुठे होता, याची यादी मनात तयार होऊ लागली की गोष्टीचा रंग बदलतो. कादंबरी दुसऱ्यांदा वाचण्यात मजा आहे असे तिचे चाहते सांगतात, ते यासाठी.

खोटे बोलत नाही म्हणजे विश्वास ठेवावा का?

कथेतला निवेदक विश्वासार्ह नसणे ही आता जुनी युक्ती झाली. वेडसर, विसरभोळे, लबाड निवेदक वाचकांनी पुष्कळ पाहिले. त्यांच्या बाबतीत वाचक ‘हा खोटे बोलतोय का?’ एवढेच तपासत असतो. ‘द रेव्हन टॉवर’ त्याच्या उलट टोकाला जाऊन उभी राहते. निवेदक शब्दाने कधीच खोटा पडणार नाही, याची हमी आहे. मग वाचकाने सावध राहायचे कशासाठी?

याचे उत्तर महाभारताने फार आधी देऊन ठेवले आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला आणि धर्मराजाने ती बातमी अशा बेताने सांगितली की द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. ‘नरो वा कुंजरो वा’ हा वाक्प्रचार मराठीत आजही संदिग्ध बोलणाऱ्यासाठी वापरला जातो. त्या वाक्यात खोटे काही नव्हते. तरी युधिष्ठिराचा जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली टेकला. सत्य बोलणे आणि सत्य कळू देणे यांत अंतर असते, आणि दगड त्या अंतराचा पुरेपूर वापर करतो. तो काय सांगतो यापेक्षा काय आधी सांगतो, काय उशिरा, काय नुसतेच वगळतो, इकडे लक्ष द्यावे लागते.

हा केवळ कोड्याचा खेळ असता तर कादंबरी हुशार ठरली असती, इतकेच. पण दगडाला बोलण्याची किंमत मोजावी लागते, त्यामुळे तो एओलोला काही सांगतो आहे याचाच अर्थ काहीतरी पणाला लागले आहे. जो शतकानुशतके गप्प पडून राहू शकतो, तो आत्ता का बोलतो आहे? कुणासाठी? देवांना भक्त पोसतात, मग देव भक्तांचे देणेकरी होतात का? ज्याची शक्ती दुसऱ्यांच्या कामाला जुंपली गेली आहे त्याने ती काढून घेतली तर ज्यांचे आयुष्य त्यावर उभे आहे त्यांचे काय? हे प्रश्न दगड विचारत नाही. तो फक्त जे घडले ते सांगतो, तेही बेताने. न्याय आणि सूड यांतला फरक शेवटाकडे इतका पुसट होतो की पुस्तक मिटल्यावर दगडाची बाजू घ्यावी की नाही, यावर वाचकांचे एकमत होत नाही.

वाचकांचे दोन तट का?

सगळेच या कादंबरीच्या प्रेमात पडतात असे नाही. पहिल्या पन्नास पानांत ती बाजूला ठेवणारेही आहेत, आणि त्यांची तक्रार अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. निवेदक एओलोला ‘तू’ म्हणून संबोधतो. तू घोड्यावरून उतरलास, तू पाहिलेस, तू काही बोलला नाहीस. मनातले दगडाला कळत नाही, त्यामुळे एओलोचे विचार आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. तो थबकला, त्याच्या कपाळावर आठी पडली, एवढेच समजते. पात्राच्या मनात शिरून वाचायची सवय असलेल्याला हे परके वाटते. त्यात मध्येच हिमयुग येते.

अशी ‘तू’ची निवेदने अलीकडे पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाहीत. एन. के. जेमिसिन यांच्या २०१५ मधल्या ‘द फिफ्थ सीझन’चा मोठा भाग ‘तू’ला उद्देशून आहे, आणि हे बोलणारे कोण ते मागाहून कळते. त्या त्रयीच्या तिन्ही भागांना २०१६, २०१७ आणि २०१८ असा सलग तीन वर्षे ह्यूगो पुरस्कार मिळाला. निर्जीवाने किंवा मेलेल्याने बोलणे हेही नवे नाही. ओरहान पामुक यांच्या ‘माय नेम इज रेड’मध्ये प्रेत, कुत्रा, झाड, नाणे आणि लाल रंगसुद्धा बोलतो. मार्कस झुसॅक यांच्या ‘द बुक थीफ’ची निवेदक तर साक्षात मृत्यू. आपल्याकडे सिंहासन बत्तिशीच्या पुतळ्या आणि प्रेतात शिरून विक्रमाला गोष्टी सांगणारा वेताळ कितीतरी आधीपासून आहेत. वेताळाच्या कथेतही बोलण्याला किंमत आहेच. विक्रम बोलला की वेताळ सुटतो. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने १९६७ मध्ये एकच आयुष्य कर्णासह सहा जणांच्या तोंडून सांगितले आणि पिढ्यान्‌पिढ्या मराठी वाचक त्यावर खूश आहेत. तेव्हा मराठी वाचक निवेदकाच्या वेगळेपणाने बिचकेल, असे मानायचे कारण नाही.

मात्र यातल्या बहुतेक निवेदकांना तोंडाला येईल ते बोलण्याची मुभा आहे. झुसॅकचा मृत्यू हळवा होतो, विनोद करतो. पामुकचे नाणे तर फुशारकीच मारते. लेकी यांच्या दगडाला ती चैन परवडत नाही. त्यामुळे त्याचा कोरडेपणा हा लेखनातला दोष वाटू शकतो, आणि काही प्रकरणांत तो तसा आहेही. युद्धाच्या भागातले काही तपशील तर इतिहासाच्या टिपणासारखे वाचले जातात. पण हाच कोरडा दगड मिरियडविषयी बोलताना एखादे वाक्य अर्ध्यावर आवरते घेतो, तेव्हा त्या आवरण्याचे वजन कळते.

मराठीत आणायची झाली तर?

या कादंबरीचा सर्वांत अवघड भाग भाषांतरात समोर येईल. इंग्रजी ‘यू’ला लिंग नाही. तो एओलो असू शकतो, तसेच पुस्तक हातात धरलेला कोणीही. वाचक स्त्री असो वा पुरुष, पहिल्या पानावर दगड आपल्याशीच बोलतो आहे असे क्षणभर वाटते. मराठीत ‘तू आलास’ किंवा ‘तू आलीस’ यांतले एक निवडावेच लागते. एओलो स्वतःला पुरुष मानतो, त्यामुळे ‘आलास’ हेच योग्य. पण ते लिहिताक्षणी वाचणाऱ्या स्त्रीला कळते की हे बोलणे तिच्याशी नाही.

दगडाचीही तीच पंचाईत. ‘मी पडून होतो’ म्हणायचे की ‘मी पडून होते’? दगड म्हटले तर पुल्लिंगी, शिळा म्हटले तर स्त्रीलिंगी. नपुंसकलिंगी ‘मी’ तर आपण सहसा वापरतच नाही. भाषांतरकाराला काही पळवाटा आहेत. ‘मी पाहिले’, ‘तू दार उघडलेस’, ‘तुला भूक लागली’ अशा रचनांत बोलणाऱ्याचे किंवा ऐकणाऱ्याचे लिंग उघड होत नाही. पण चारशेच्या आसपास पानांची कादंबरी नुसती दारे उघडून आणि भूक लागून पुढे सरकत नाही. पात्रांना यावे, जावे, थांबावे लागते.

मराठीत क्रियापदाचे लिंग हमखास लपते ते भविष्यकाळात. ‘मी जाईन’, ‘तू जाशील’, ‘तो येईल’, ‘ती येईल’. आणि गंमत अशी, की नेमका हाच काळ या देवाला सर्वांत धोक्याचा. ‘तू सुखरूप परत जाशील’ एवढे वाक्य उच्चारले तर ते पाळण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडणार. एओलो संकटात असताना धीराचा एक साधा शब्दही दगडाला सहज देता येत नाही, तो यामुळे.

लेकी यांना हे असले निवेदक सुचतात कसे?

लेकी सेंट लुईस येथे राहतात. लेखिका म्हणून नाव होण्याआधी त्यांनी वेट्रेस, स्वागतिका, ध्वनिमुद्रण अभियंता आणि जमीन मोजणी पथकात मोजकाठी धरणारी मदतनीस अशी कामे केली. २०१३ मधली त्यांची पहिलीच कादंबरी ‘अ‍ॅन्सिलरी जस्टिस’ ही ह्यूगो, नेब्युला आणि आर्थर सी. क्लार्क हे तिन्ही मानाचे पुरस्कार पटकावणारी पहिली कादंबरी ठरली. तिचा निवेदक एके काळी अख्खे अंतराळयान होता आणि एकाच वेळी अनेक शरीरांतून जग पाहत होता. आता त्याच्याकडे एकच शरीर उरले आहे. ज्या संस्कृतीने त्याला घडवले तिच्या भाषेत स्त्री-पुरुष भेद नाही, म्हणून तो सरसकट सगळ्यांना ‘ती’ म्हणतो. विज्ञानकथेतल्या त्या यशानंतर ‘द रेव्हन टॉवर’ ही त्यांची पहिली अद्भुत कादंबरी, पण बोलण्याने बांधले जाणारे देव त्यांनी आधी लघुकथांतून आजमावले होते. २००८ मधल्या ‘मार्श गॉड्स’मध्ये ही कल्पना भेटते. कादंबरी जड वाटेल अशी शंका असणाऱ्यांनी आधी ती कथा वाचून पाहायला हरकत नाही.

दुसरा मार्ग ऐकण्याचा. या कादंबरीचे श्राव्य रूप ब्रिटिश अभिनेत्री अजोआ अँडो यांच्या आवाजात आहे. ‘ब्रिजर्टन’ मालिकेतली लेडी डॅनबरी म्हणून त्या अनेकांना ठाऊक असतील. छापील पानावर कोरडी वाटणारी वाक्ये एखादी व्यक्ती सावकाश, शब्द तोलून बोलत असताना ऐकली की त्यांतला संयम अधिक जाणवतो. ज्याला तोंडच नाही त्याची गोष्ट आवाजात जास्त उठावदार व्हावी, हेही या पुस्तकाला साजेसेच.

वाचायला घेणाऱ्याने एक खूण मात्र लक्षात ठेवावी. वास्ताईच्या मनोऱ्यात पाऊल टाकल्यावर एओलोला पायाखाली कसलीशी घरघर जाणवते, जाते फिरत असावे तशी. मनोऱ्यातल्या लोकांना तिची सवय झाली आहे, कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही. खोटे बोलू न शकणारा निवेदकही तिथे फारसे काही सांगत नाही.